मशेरी, ओटा आणि माझी न भरणारी जखम

माझ्या उजव्या पायाला बोटं नाहीत. पाचही गेली आणि त्यांच्याबरोबर पुढचा अर्धा तळवाही गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. मी चालते. भाजी आणायला जाते, रिक्षात चढते-उतरते, आणि मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

माझं नाव सुलभा, वय सत्तावन्न. परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो त्याला वीस-बावीस वर्षं झाली. घरी ब्लाउज शिवते. मधुमेह चौदा वर्षांचा. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, मुलगा निखिल आणि सून ऋतुजा. हे रिटायर झालेत, पण ओळखीच्या एका छापखान्यात दुपारी जाऊन प्रुफं तपासतात.

लोक मला पाय कापला त्या दिवसाबद्दल विचारतात. तो दिवस तसा लवकर संपला. ऑपरेशनला दीड-दोन तास लागले असतील. जखम भरायला मात्र साडेपाच महिने लागले, आणि त्यातले निदान दोन महिने माझ्या खोटेपणाचे होते. कोणी मला जखम न भरण्याची कारणं विचारली की मी डॉक्टरांची यादी सांगत नाही, माझी तीन खोटी उत्तरं सांगते. ती इथे कबूल करतेय.

न दुखलेली सुई

मशीनची सुई मोडली होती. वरचा तुकडा मशीनमध्ये राहिला, खालचा कुठे उडाला ते सापडेना. मी जरा झाडू मारला, दुसरी सुई लावली आणि काम पुढे चालू.

दोन दिवसांनी ऋतुजा म्हणाली, "आई, फरशीवर कुंकू सांडलंय का? हॉलपासून बाथरूमपर्यंत ठिपके आहेत."

"सांडलं असेल माझ्याच हातून," मी म्हटलं आणि पुसायला वाकले. वाकल्यावर दिसलं की ठिपके माझ्याच पावलांबरोबर चाललेत. खाली बसून पाय उलटा केला, तर अंगठ्याखाली तो तुकडा रुतलेला. दोन दिवस मी त्याच्यावर चालत होते, आणि मला पत्ता नव्हता.

खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असं मी धरून चालले. चिमट्याने तुकडा काढला, हळद दाबली, कापडाची चिंधी बांधली. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाला दुखत नसेल, तर त्याचा अर्थ पायाने बोलणंच बंद केलंय, हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी गोळ्यांची पुडी घेऊन निघाले असेन.

आठ-दहा दिवसांत अंगठा काळा पडला, शेजारची दोन बोटं निळी झाली आणि मला थंडी वाजून ताप भरला.

यांनी केलेली घासाघीस

भाईंदरच्या एका हॉस्पिटलात नेलं. सर्जन डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी एक बारीक प्लास्टिकचा दोरा हातात घेतला आणि म्हणाले, "काकू, डोळे मिटा. पायाला दोरा लागला की 'लागला' म्हणायचं."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. शेवटी म्हटलं, "करा ना डॉक्टर सुरू."

 डोळे उघडले तर डॉक्टर दोरा खाली ठेवत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही पाय तपासून झाले होते.

मग तपासण्या, फोटो, शिरांची सोनोग्राफी. संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. पू आत हाडापर्यंत गेलाय. पायाला रक्त नेणारी एक शीर अरुंद झालीये, ती फुगा घालून मोकळी करू. पण पुढचा भाग काढावा लागेल.

आमचे हे आयुष्यात कधी भाजीवाल्याशी भावावरून बोलले नाहीत. मागेल ते देतात आणि घरी येऊन माझी बोलणी खातात. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा घासाघीस केली.

"डॉक्टर, अंगठाच खराब आहे ना? तेवढाच काढा."

"काका, तेवढ्यावर थांबणार नाही ते."

"बरं, दोन बोटं."

"काका..."

"तीन काढा. तीन काढा डॉक्टर, पण पाय राहू दे तिचा."

डॉक्टर उठून यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. म्हणाले, "मी काय काढायचं ते ठरवत नाहीये काका. किती वाचवता येईल ते बघतोय. टाच वाचेल, घोटा वाचेल. त्यावर काकू चालतील."

हे रुमालात तोंड घालून बसले. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. मी विचारलं, "मशीन चालवता येईल?"

"मोटरची आहे ना? डावा पाय शाबूत आहे."

"मग द्या कागद," मी म्हटलं आणि सही केली.

अकरा दिवस

हॉस्पिटलात दिवस पहाटे बोटाला टोचण्यापासून सुरू होतो. मग बिनसाखरेचा चहा, जो कितीही गरम असला तरी थंडच लागतो. मग मावशी फरशी पुसतात आणि वॉर्डभर फिनेलचा वास सुटतो. मग डॉक्टरांचा राउंड, आणि राउंड येणार म्हणून नर्सनी चादरी ओढून ओढून ताठ केलेल्या. बोटाला परत टोचणं. इन्सुलिनचं इंजेक्शन. इन्सुलिन म्हणजे शेवट, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं, तसं बोलूनही दाखवलं. शेजारच्या खाटेवर एक गुजराती आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मैं तो अठारह साल से ले रही हूँ. शेवट अजून आला नथी!" तेव्हा जरा धीर आला.

चार दिवस मी पायाकडे बघितलं नाही. ड्रेसिंगच्या वेळी पंख्याकडे बघायची. पाचव्या दिवशी हे म्हणाले, "मी बघितलाय. वाटतो तेवढा वाईट नाही. बघ तरी."

बघितला. आखूड, गोल, टाक्यांची एक आडवी ओळ. मला माझीच शिलाई डोळ्यांसमोर आली. "टाके सरळ घातलेत," मी म्हटलं, आणि मग मात्र खूप रडले.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. गेलेली बोटं खाजतात. करंगळी नाही, पण करंगळीला अशी खाज सुटायची की जीव नकोसा व्हायचा. नर्सला सांगितलं तर ती म्हणाली, असं होतं, हळूहळू कमी होईल. हे ऐकत होते. नर्स गेल्यावर त्यांनी खुर्ची पायाशी ओढली आणि बँडेजच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथे, हवेत बोटांनी खाजवायला लागले.

"इथे?"

"जरा डावीकडे."

"इथे?"

"हां. तिथेच. थोडं जोरात."

शपथेवर सांगते, बरं वाटलं. वॉर्डातले सगळे आमच्याकडे बघत होते. गुजराती आजींना हसून हसून उचकी लागली. तेहतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासाठी काय काय केलं त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण हे कधी विसरणार नाही.

तारोडीच्या सिस्टर

घरी आल्यावर एक दिवसाआड ड्रेसिंगला जायचं. तिथे सुगंधा सिस्टर होत्या. उत्तनपुढच्या तारोडीच्या, कोळ्यांच्या घरातल्या. उंच, आवाज खणखणीत. पेशंटशी डॉक्टरांच्या भाषेत सुरुवात करायच्या आणि दोन वाक्यांत आपल्या भाषेवर यायच्या.

पहिले दोन आठवडे ठीक गेले. मग टाक्यांची एक बाजू उसवली. आत जखम पिवळट दिसायची, ओली, आणि दर वेळी सिस्टर माप घ्यायच्या तेव्हा तेवढीच. एकदा तर थोडी मोठीच झाली होती.

सहा आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांनी तिघांना बोलावलं, मला, यांना आणि ऋतुजाला.

"शीर मोकळी केली, पू नाही, अँटिबायोटिक चालू आहे. साखरही आधीपेक्षा खाली आलीये. तरी जखम पुढे सरकत नाही. काहीतरी तिला मागे ओढतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पायावर भार देता का?"

"नाही."

"जेवण नीट?"

"पथ्याचं सगळं."

"तंबाखू? सिगरेटचा धूर घरात?"

"छे!" मी म्हटलं.

"डॉक्टर, आमच्या घरात सुपारीसुद्धा नसते," हे म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. "आणखी चार आठवडे बघतो. नाही भरली तर मला गुडघ्याखालून विचार करावा लागेल. आत्ता सांगून ठेवतोय, तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून."

रिक्षात हे आणि ऋतुजा कारणं शोधत होते. मला मात्र माहीत होतं. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते आणि मी दोन प्रश्नांना जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं होतं; तिसरंही खोटं होतं ते मागाहून कळलं.

ओटा

पहिलं खोटं स्वयंपाकघरातलं. उजवा पाय जमिनीला लावायचा नाही, वॉकर घेऊन डाव्या पायावरच बाथरूमपर्यंत जायचं, एरवी पाय उशीवर, असं सांगितलेलं. पण बारा ते पाच घरात मी एकटी. आणि ऋतुजाची आमटी!

पोरगी ऑफिसला जायच्या आधी सहाला उठून सगळं करून जायची. तिच्यात काही कमी नव्हतं. आमटीत फोडणी कमी होती. मी दुपारी वॉकरने ओट्याशी जायची, उजवी टाच टेकवून उभी राहायची, आणि आमटीला वरून लसणाची फोडणी द्यायची. मग एखादी भाजी परतायची. टाचच तर टेकवतेय, पुढचा भाग कुठे लागतोय, असं स्वतःला सांगायची. अर्धा तास, कधी तास. दुखत नव्हतंच ना!

डॉक्टरांकडून आल्यावरसुद्धा तीन दिवसांनी मी ओट्याशी होते. कुलूप उघडल्याचा आवाज आला. ऋतुजाचं डोकं दुखत होतं म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

ती ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, मला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसून माझा पाय हातात घेतला. बँडेज पुढून लाल झालं होतं.

"आई," ती म्हणाली, "माझ्या हातचं इतकं नकोसं वाटतं का तुम्हाला, की त्यापायी पाय घालवाल?"

 ती रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने तो बाजूला केला. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. निखिल तिच्या बाजूने, हे गप्प. त्या दोन दिवसांत घराचं कसं झालं होतं ते आठवलं तरी नको वाटतं.

तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "तुझ्या आमटीत फोडणी कमी असते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू रागावशील म्हणून."

"आता काय हसतेय मी?" ती म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं.

त्या रविवारी निखिलने जेवणाच्या टेबलावर इंडक्शनची शेगडी मांडली. मी एका खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर उशीवर. आमटी ऋतुजाची, फोडणी माझी. अजूनही आमच्याकडे तसंच चालतं, आणि आता तिची फोडणीही माझ्यापेक्षा बरी होते, असं निखिलचं मत आहे. मी त्या मताकडे दुर्लक्ष करते.

अर्धी भाकरी

दुसरं खोटं मी खोटं म्हणून बोललेच नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी पथ्य करतेय. साखर वाढायला नको म्हणून अर्धी भाकरी, काकडी, ताक. अंडं बंद, मासे बंद, डाळ पातळ. इन्सुलिन चालू असताना इतकं कमी खाल्ल्यामुळे दोनदा घाम फुटून हातपाय थरथरले, तेही मी कोणाला सांगितलं नाही. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन खाली आणि अंगातली प्रथिनंही खाली.

सुगंधा सिस्टरनी कागद वाचला. "मावशी, तुमी कापडाशिवाय ब्लाउज शिवता काय?"

"कसा शिवणार?"

"मंग ही जखम कशानं शिवायची तिनं? हवेनं?"

डॉक्टरांनी इन्सुलिनचं माप बदललं आणि एक कागद लिहून दिला. त्यात दोन अंडी, घट्ट डाळ, मासे, दही सगळं होतं. नया नगरला रुखसाना म्हणून माझी एक मैत्रीण आहे, तिचं कापडाचं छोटं दुकान आहे, माझ्याकडे गिऱ्हाइकं तीच पाठवते. तिला कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. झाकण उघडलं तर बकऱ्याच्या पायांचा रस्सा.

"दीदी, पैर के लिए पाया," ती गंभीरपणे म्हणाली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग इतक्या हसलो की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या. रस्सा फर्मास होता. डॉक्टर म्हणाले, बिघडत नाही, पण अंडी सोडू नका.

तव्यावर भाजलेली

तिसरं खोटं सगळ्यात जुनं. ते लिहिताना अजून हात अडखळतो.

मी मशेरी लावायची. लग्नाआधीपासून. आईची एक मैत्रीण लावायची, तिच्याबरोबर लागली. सकाळी पेस्ट झाली की बाथरूममध्ये डबी काढायची, बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची, दहा मिनिटं गप्प बसायचं. दुपारी एकदा. कामाचा कंटाळा आला की एकदा. डबी बटणांच्या डब्याखाली असायची. घरात कोणाला माहीत नाही अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी सिस्टर ड्रेसिंग करता करता थांबल्या. "मावशी, दात कशानं घासता?"

"पेस्टने."

"आनि मंग?"

मी पदराने तोंड पुसलं.

"आमच्या गावात निम्म्या बायका लावतात. मला वास कळतो."

"अहो, पण ती तंबाखू नाही. मशेरी आहे, दातांसाठी..."

"तंबाखूच हाय ती, मावशी. तव्यावर भाजली म्हनून काय तिची बडीशेप झाली?" त्यांनी चिमटा ताटलीत ठेवला. "डॉक्टरनी फुगा घालून शीर उघडली. तुमी दिवसातून तीनदा ती आवळताय. रक्त यायचं कसं इथपर्यंत?"

पडद्यापलीकडे दुसरे पेशंट होते. त्यांनी आवाज अगदी खाली आणला होता, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

घरी येऊन मी यांना गॅलरीत बोलावलं. म्हटलं, "एक सांगायचंय. रागावू नका. मी मशेरी लावते."

हे कुंडीतली वाळलेली पानं काढत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"लग्नानंतर पहिल्या दिवाळीपासून. परळला मोरीचं दार लागलं की दहा मिनिटं पाण्याचा आवाज यायचा नाही."

"मग डॉक्टरांना सुपारीसुद्धा नाही म्हणून कशाला सांगितलंत?"

"तू 'छे' म्हणालीस," हे म्हणाले. "सुनेसमोर तुला खोटं कसं पाडू?" थोड्या वेळाने म्हणाले, "चुकलं माझं. त्या दिवसापासून झोप नाही मला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं जाऊन डॉक्टरांसमोर बसलो. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मीही मशेरी म्हणून विचारायला हवं होतं. तंबाखू म्हणून विचारलं." त्यानंतर माझ्या माहितीत तिथे प्रत्येक बाईला मशेरी असाच शब्द वापरून विचारतात.

सोडणं सोपं गेलं नाही. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि मी सगळ्यांवर खेकसायची. आठव्या दिवशी मी निखिलला नुसता रिमोट मागण्यावरून असं बोलले की तो म्हणाला, "आई, तू परत लाव बाई." ऋतुजाने त्याला दटावलं. सिस्टरनी लवंग चघळायला सांगितली होती. मी त्या महिन्यात लवंगांचा एक आख्खा डबा संपवला. मधे एकदा हरलेही. बाराव्या दिवशी डबी उघडून लावली. त्याच संध्याकाळी डबी यांच्या हातात दिली, त्यांनी ती कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

लाल

डॉक्टरांनी दिलेल्या चार आठवड्यांतला शेवटचा आठवडा. सिस्टरनी बँडेज सोडलं, जखम धुतली आणि बघतच राहिल्या. 

"काय झालं?"

"लाल झाली," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "मावशी, लाल झाली! नव्या मांसाचे दाणे भरायला लागले!" आणि ड्रेसिंगरूमचं दार उघडून डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले. पट्टीने मोजलं, एकदा, दोनदा. मला त्यांच्या तोंडून काहीतरी मोठं वाक्य येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चार मिलिमीटर कमी. चालू ठेवा." बाहेर बाकावर हे बसले होते. मी बोटांनी चार दाखवले. त्यांना काय समजलं कोण जाणे, ते उठून सिस्टरना नमस्कार करायला लागले.

त्यापुढेही तीन महिने गेले. एकदा साखर चढली, एकदा खपली निघाली, एकदा मीच कंटाळून म्हटलं, कापून टाका एकदाचा. पण जखम मागे गेली नाही. एका मंगळवारी सिस्टरनी पट्टी काढली आणि नवी लावली नाही. मी पाय तसाच पुढे धरून वाट बघत बसले.

"जावा आता घरी," त्या म्हणाल्या. "न्हाय काय राहिलं माजं इथं."

मग बूट झाला. पुढे मऊ भरणी असलेला, वरून साध्या बुटासारखा. चालायला शिकवणाऱ्या मॅडमनी आठवडाभर मला आरशासमोर चालवलं. आता लंगडते थोडी. घाईत असले की जास्त.

बोंबील सुकत होते

मागच्या थंडीत सुगंधा सिस्टरनी घरी बोलावलं. "दर्या बघायला या. बोंबील सुकायला घातलेत, घेऊन जावा." भाईंदरहून बसने उत्तनला गेलो आणि पुढे रिक्षाने तारोडीला. हे आणि मी.

अंगणापलीकडे बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले, हजारोंनी. वाऱ्यावर हलत होते. सिस्टरची आई त्यांच्यामधून फिरत होती. पासष्टीची, काटक, घोट्यांच्या वर नेसलेलं लुगडं, अनवाणी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच काय ती, पाय अर्धा वाली? बूट बरा हाय."

सिस्टर चहा टाकायला आत गेल्या, हे दर्याकडे गेले. आम्ही दोघी दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो. बोलता बोलता कळलं की तिलाही साखर आहे. "थोरीशीच हाय." ती बसली तेव्हा तिने डावा पाय लुगड्याखाली घेतला. बोलताना लुगडं जरा सरकलं, तिने परत ओढलं. पुन्हा सरकलं, पुन्हा ओढलं.

"पायाला काय झालंय?" मी विचारलं.

"न्हाय ग. काय न्हाय. काटा गेलता माशाचा."

"कधी?"

"झाले असतील आठ दिस."

"दुखतं?"

"बिलकुल न्हाय," ती म्हणाली. किती अभिमानाने म्हणाली! 

"दाखवा."

"नको. तिला सांगशील तू." तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. "पोर दिसभर लोकांचे पाय धुते. घरी येऊन परत माजा कशाला दाखवू तिला?"

मी तिच्याशी वाद घातला नाही. खाली वाकून बुटाची पट्टी सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि माझा पाय तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. घरच्यांशिवाय आणि दवाखान्याशिवाय तो मी कोणाला दाखवला नव्हता.

तिने वाकून बघितलं. मग आपला खरखरीत हात त्यावरून फिरवला, मासळी ताजी आहे का बघावी तसा.

"हे काट्यानं झालं?"

"सुईने. मलाही दुखत नव्हतं."

दर्यावरून वारा येत होता. तिने हळूहळू लुगड्याखालून पाय बाहेर काढला. टाचेशी भोक होतं, कडेने पांढरं, आजूबाजूला सूज. काळं अजून काही नव्हतं.

"सिस्टर!" मी इतक्या जोरात हाक मारली की हे दर्यावरून पळत आले.

सुगंधा सिस्टर चहाची किटली हातात घेऊनच बाहेर आल्या. आईचा पाय बघितला आणि किटली जमिनीवर ठेवून मटकन खाली बसल्या.  मग त्यांनी डोळे पुसले, उठून हात धुतले आणि आत ड्रेसिंगचं सामान आणायला गेल्या. म्हातारी माझ्याकडे बघून पुटपुटली, "सांगितलंसच शेवटी."

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. नंबर सिस्टरचा, आवाज हिचा, खणखणीत.

"काय लावलंय तुमी दोघींनी? घरात चप्पल, अंगनात चप्पल, बोंबलात चप्पल. जन्मात न्हाय घातली मी. ही पोर मला दारातच अरवते, भायेर जाऊ देत न्हाय. पाय रोज उलटा करून बघते, तपासनीस झालीय माजी!"

"आणि जखम?" मी घाबरत विचारलं.

"ती भरली कवाच," ती म्हणाली. "मी चपलेचं बोलतेय!"